नाव सागाचे, काम खिळ्याचे

मुंबईच्या गोदीत बांधलेल्या जहाजांचा विषय निघाला, की सगळे श्रेय सागाच्या पदरात टाकून लोक मोकळे होतात. त्यांच्या बाजूने पुरावाही भरपूर आहे. जमशेटजी बोमनजी वाडियांनी १८१३ साली पाण्यात सोडलेले ‘कॉर्नवॉलिस’ पुढे इंग्लंडात शीअरनेसला धक्का म्हणून पडून राहिले आणि ते मोडीत निघायला १९५७ साल उजाडावे लागले. १८१५ च्या ‘वेलस्ली’ला कुजणे माहीतच नव्हते; १९४० मध्ये जर्मन बॉम्ब पडला म्हणून ते टेम्स नदीत बुडाले. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ तर आजही हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. लेफ्टनंट कर्नल वॉकर याने १८११ साली हिशेब मांडला होता, की युरोपात बांधलेले जहाज बारा वर्षांत नवे करावे लागते आणि मुंबईचे सागवानी जहाज पन्नासहून अधिक वर्षे चालते. हा हिशेब तेव्हापासून पुस्तकापुस्तकांतून फिरतो आहे. तो खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष अर्धा आहे. लाकडी जहाजाचे आयुष्य लाकूड आणि त्यात ठोकलेला धातू यांचे एकमेकांशी किती पटते यावर ठरते, आणि सागाची थोरवी मोठ्या प्रमाणात या पटण्यात आहे. बांधणीचे वर्णन वाचून हे कळत नाही. दुरुस्तीसाठी तळ उघडला जातो तेव्हा ते समोर येते.

तळ उघडणे म्हणजे काय, ते आधी पाहू. जहाजाच्या तळाशी एक लांब कणा असतो, त्यावर वळणदार फासळ्या उभ्या राहतात आणि फासळ्यांवर बाहेरून फळ्या बसतात. मोठ्या जहाजाची फासळी एका अखंड लाकडाची नसते. नैसर्गिक बाक असलेले तुकडे दोन थरांत, सांध्यासमोर सांधा येऊ न देता, एकमेकांना जोडून ती करतात. एवढे जड लाकूड एकत्र राहते ते खिळे, बोल्ट आणि लाकडी खुंट्यांमुळे. जहाज लाटेच्या माथ्यावर आले की मधला भाग उचलला जातो आणि दोन्ही टोके खाली ओढली जातात. दोन लाटांच्या मध्ये आले की नेमके उलटे होते. दर हेलकाव्याला फळी फासळीवरून केसभर सरकू पाहते, आणि ती अडवण्याचे काम खिळ्याकडे असते. जुन्या जहाजातला लोखंडी बोल्ट उपसून काढला तर पुष्कळदा डोके शाबूत, टोकही शाबूत, पण फळी आणि फासळी जिथे भेटतात तिथे बोल्टची कंबर बोरूएवढी बारीक झालेली दिसते. पाणी झिरपते ते याच सांध्यातून. बाहेरून तपासणाऱ्याला डोके घट्ट लागते, म्हणून तो ‘ठीक’ असा शेरा मारून पुढे जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, त्यामुळे भोवतालचे लाकूड चिरते आणि चिरेतून आणखी पाणी आत येते. ओकसारख्या आंबट लाकडात भोकाभोवती काळानिळा डाग धरतो आणि लाकूड नखाने खरवडण्याइतके मऊ पडते. फासळी खराब झाली म्हणून खिळा सैल पडला, असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. बहुतेक वेळा खिळ्यानेच फासळी खाल्लेली असते.

म्हणूनच तळाच्या दुरुस्तीत फासळ्या आणि खिळे यांची कामे वेगळी काढता येत नाहीत. जुन्या भोकात नवा खिळा ठोकला तर तो मऊ लाकडात जातो आणि काहीच धरत नाही. ते भोक खुंटीने बुजवून शेजारी नवे पाडावे लागते किंवा अधिक जाड बोल्ट घ्यावा लागतो. लाकूड फारच गेले असेल तर जुन्या फासळीला जोडफासळी द्यायची किंवा ती काढूनच टाकायची. काढायची तर एकाआड एक. शेजारची जुनी फासळी आकार धरून ठेवते तोवर नवी बसवायची आणि मग तिच्या भरवशावर जुनीला हात घालायचा. सगळ्या एकदम काढल्या तर जहाजाचा आकार हातचा जातो, आणि तो मूळ नकाशावरून हुबेहूब परत मिळवता येत नाही. कारण वर्षानुवर्षांच्या ताणाने कणा वाकून नकाशातले जहाज आणि समोरचे जहाज यांत फरक पडलेला असतो. नवी फासळी बसवायची ती समोरच्या जहाजात.

खिळ्याने जहाज खाण्याचे इतिहासातले सर्वांत मोठे उदाहरण ब्रिटिश नौदलाचे आहे, आणि ते एका उत्तम सुधारणेतून उद्भवले. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारे किडे तळाची चाळण करत. त्यावर उपाय म्हणून १७६१ साली ‘अलार्म’ या फ्रिगेटच्या तळाला तांब्याचा पत्रा लावून ते वेस्ट इंडीजला पाठवले गेले. परत आल्यावर १७६३ मध्ये पाहणी झाली, तेव्हा लाकूड सुरक्षित होते, पण पत्रा धरणारे लोखंडी खिळे जागोजाग विरघळून गेले होते. एक गोष्ट मात्र पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत भरली. पत्रे ज्या जाड तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद जिथे खिळा आणि पत्रा यांच्यामध्ये अडकून राहिला होता तिथला खिळा धडधाकट होता. तांबे आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांना भिडले की विद्युतघट तयार होतो आणि त्यात लोखंडाचा बळी जातो, हे शास्त्र तेव्हा जन्माला यायचे होते. पण धडा समोर होता. तो पुरता न घेता १७७९ पासून, अमेरिकन युद्धाच्या घाईत, सगळ्या आरमारालाच तांबे चढवण्याचा सपाटा लावला गेला. बोल्ट लोखंडाचेच राहिले. मध्ये कागद आणि डांबरी लेप घालून भागवले. सप्टेंबर १७८२ मध्ये अटलांटिकातल्या वादळाने ‘रॅमिलीझ’, ‘सेंटॉर’ अशी मोठी जहाजे गिळली तेव्हा संशय बोल्टांवर गेला. तांबे काढून टाकावे इथपर्यंत विचार झाला. तोड निघाली ती बोल्टच बदलण्यात. तांबे मऊ असते, जाड ओकमध्ये ठोकताना वाकते. ते कठीण करण्याची रीत १७८३-८४ च्या सुमारास सापडली आणि १७८६ पासून जहाजांचे तळ तांब्याच्या बोल्टांनी पुन्हा बांधून काढायचे ठरले. एवढ्या मोठ्या आरमाराची हाडे तीच ठेवून सांधे मात्र सगळे बदलायचे, असा तो हुकूम होता.

आता वॉकरच्या बारा वर्षांकडे पुन्हा पाहू. त्याने हिशेब मांडला तेव्हा अनुभवाची शिदोरी होती ती याच काळाची. घाईत तोडलेला, पुरता न वाळलेला ओक, त्यात लोखंड, वर तांबे. अशा जहाजांशी सागाची तुलना केली तर साग जिंकणारच. पण ती तुलना नुसत्या दोन लाकडांची नव्हती. सागात नैसर्गिक तेल असते आणि ओकमधले लोखंड खाणारे आंबट द्रव्य फारसे नसते. याचा चोख पुरावा लाकडी जहाजांचा काळ संपत आल्यावरचा आहे. १८६० साली पाण्यात उतरलेल्या ‘वॉरियर’ या चिलखती युद्धनौकेवर ४.५ इंच जाडीच्या लोखंडी पत्र्यामागे १८ इंच जाडीचा लाकडाचा थर आहे, आणि ते लाकूड साग आहे. इंग्रजांना ओकचा केवढा अभिमान! तरी लोखंडाला पाठ टेकायला त्यांनी ओक घेतला नाही.

सुरतेच्या सुतारांना हे शास्त्राशिवाय ठाऊक होते. मुंबईच्या गोदीचे घराणे तिथलेच. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहूनच मुंबईला आले. स्टाव्होरिनस नावाच्या डच खलाशाने १७७० च्या दशकात सुरतेची बांधणी बारकाईने पाहून लिहून ठेवली आहे. तिथे फळीला फळी नुसती चिकटवून ठेवत नसत. दोन्ही कडांना खाच पाडून एक दुसरीत बसवत. एका कडेला शेंदूर फासून फळी दाबायची, उचलायची आणि दुसऱ्या कडेवर शेंदूर कुठे उमटला, कुठे नाही ते पाहून तेवढेच तासायचे. पूर्ण रेघ उमटेपर्यंत हे चालायचे. मग राळेसारखा चिकट लेप, त्यावर कापसाचा पातळ थर, आणि फळी कायमची बसवायची. सांधा शोधूनही दिसू नये असे काम. बोल्टांऐवजी हे लोक खिळ्यासारखे घडवलेले लोखंड आरपार ठोकत आणि आतल्या बाजूला निघालेले टोक वाकवून पुन्हा लाकडात बसवत. म्हणजे लोखंड होते, आणि ते सागात टिकत होते. खाचेमुळे फळ्या एकमेकींना धरत, सांध्यात पाणी कमी शिरे, आणि खिळ्याच्या कंबरेला ओल लागण्याची वेळच उशिरा येई. हे श्रेय लाकडाचे किती आणि सांधणाऱ्या हाताचे किती, असे वाटून देता येत नाही. पण सगळे लाकडाला देणे चूकच.

मग सगळे नाव सागालाच का मिळाले? मला वाटते, लाकूड हा राज्यकर्त्याचा विषय होता आणि खिळा हा कारागिराचा. जंगल कोणाचे, तोडायची परवानगी कोणाची, मोबदला किती, हे कागदावर येते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आरमाराच्या प्रकरणात लाकडाची तजवीज सविस्तर सांगितली आहे: सागवान वगैरे झाडे परवानगीने तोडावीत, आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती रयतेची आहेत. खिळा वाकवून परत लाकडात कसा घालावा, हे कोणी सरकार हुकमाने सांगत नाही. तांब्याचे मात्र तसे नव्हते. ते दूरवरून यायचे, म्हणून त्याची नोंद राहिली. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ब्रिटिश ‘जावा’ला हरवून नष्ट केले. त्या ‘जावा’वर मुंबईत बांधल्या जात असलेल्या ‘कॉर्नवॉलिस’साठीचे तांबे आणि ‘ट्रिंकोमाली’चे नकाशे होते. दोन्ही गेले. नकाशे पुन्हा पाठवावे लागले आणि १८१६ साली कणा बसला, तेव्हा पारशी रिवाजाप्रमाणे त्यात रुप्याचा खिळा ठोकला गेला. वाडियांच्या घरात जहाजाचा शुभारंभ खिळ्याने होई, हे लक्षात घेण्याजोगे आहे. या प्रकरणातला विजेता ‘कॉन्स्टिट्यूशन’ही बोस्टनला अजून तरंगतो, आणि १७९७ साली पाण्यात उतरताना त्याच्या अंगात पॉल रिव्हियरच्या कारखान्याचे तांब्याचे बोल्ट होते.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल, की जहाजे कुजतात ती बुरशीने; त्यात खिळ्याचा काय संबंध? आक्षेप बिनतोड नाही, पण वजनदार आहे. हवा न खेळणाऱ्या तळघरात ओल्या ओकला जी कोरडी कूज लागे तिने कित्येक जहाजे लढाईचे तोंडही न पाहता संपवली, आणि सागाला ती क्वचितच लागते. इथे साग स्वतःच्या गुणावर जिंकतो, हे मान्य करायला हवे. मात्र तळाचा, म्हणजे सतत पाण्याखाली राहणारा भाग वेगळा. खाऱ्या पाण्यात भिजून राहिलेल्या लाकडाला ही बुरशी सहसा लागत नाही. ती वरच्या, कधी ओल्या कधी कोरड्या भागात माजते. तळाचे शत्रू दोन: किडा आणि धातूचा क्षय. किड्याला तांब्याने आवरले, आणि त्या तांब्याने दुसऱ्या शत्रूला दार उघडून दिले. हम्फ्री डेव्हीने १८२४ साली उलटा प्रयोग केला: तांबे झिजू नये म्हणून त्याला लोखंडाचे तुकडे जोडायचे, म्हणजे झिजेल ते लोखंड. समुद्रात याची परीक्षा झाली ‘समरंग’ या जहाजावर, आणि हे जहाज १८२२ साली कोचीनला सागात बांधलेले होते. तांबे खरेच वाचले. पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषामुळेच शंखशिंपले आणि शेवाळ दूर राहत होते. तांबे झिजेनासे झाल्यावर तळावर त्यांनी वसाहत केली आणि जहाज मंदावले. एवढेच नाही, आजही लाकडी बोटीला गरजेपेक्षा जास्त जस्त लावले तर तांब्या-पितळेच्या खिळ्याभोवती अल्क तयार होते आणि लाकडाचा भुसा होतो. धातू वाचला, फासळी गेली. लाकूड कोणतेही असो, त्यातल्या धातूचा विचार केल्याशिवाय तळाचे आयुष्य सांगता येत नाही, हे यावरून पुरेसे दिसते.

दुसरा आक्षेप आपल्या किनाऱ्याचाच. अरबी समुद्रात शतकानुशतके खिळा न ठोकलेली, काथ्याने शिवलेली जहाजे चालली. मग खिळ्याचे एवढे कौतुक कशाला? मार्को पोलोने होर्मुझला अशी जहाजे पाहून नाक मुरडले होते. भोजाच्या नावावरचा ‘युक्तिकल्पतरू’ हा ग्रंथ तर तळाला लोखंड वापरू नये असे बजावतो, कारण समुद्रातले लोहचुंबकी खडक जहाजाला ओढून घेतील. खडकांची गोष्ट सोडून द्या, पण सल्ला अनुभवाचा असावा असे वाटते: तळातले लोखंड जहाज बुडवते, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला डोळ्यांनी दिसत होते आणि त्याला कारण हवे होते. शिवलेले जहाज माझ्या मांडणीच्या विरोधात जाते असे मला वाटत नाही. त्यात जोडणीचा प्रश्न मिटलेला नसतो. तो दर काही वर्षांनी उघडपणे सोडवला जातो. काथ्या कुजतो हे सगळ्यांना माहीत असते, म्हणून टाके उसवून फळ्या पुन्हा शिवायच्या, हे ठरलेले काम असते. फळी टिकाऊ आणि जोड बदलता, ही समज त्या रीतीत मुळापासून आहे. लोखंडी खिळा जहाजात आल्यावर ती समज हरवली, कारण खिळा कायमचा वाटतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून गोव्यात शिवून घडवलेले ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज मे २०२५ मध्ये कारवारला भारतीय नौदलात दाखल झाले. त्याचे काथ्याचे टाके बदलायची वेळ येईल तेव्हा ते जहाज मूळ राहिले नाही, असे कोणी म्हणणार नाही.

खिळे आणि फासळ्या बदललेल्या युरोपीय जहाजांबद्दल मात्र हाच प्रश्न हटकून विचारला जातो, आणि तो तिसरा आक्षेप आहे: इतके बदलल्यावर उरले काय? ‘कॉन्स्टिट्यूशन’मध्ये मूळ लाकूड साधारण १० ते १५ टक्के उरले आहे. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’चीही तीच तऱ्हा. पण ट्रफाल्गरला लढलेले ‘व्हिक्टरी’ तरी मूळ कुठे होते? १७६५ साली पाण्यात उतरलेले ते जहाज १८०० ते १८०३ मध्ये चॅटमच्या गोदीत जवळजवळ नव्याने उभे केले गेले होते. चालते जहाज हे नेहमीच दुरुस्त होत असलेले जहाज असते. जुने लाकूड मोजून अस्सलपणा ठरवायचा, हे आपले संग्रहालयी वेड आहे. कोकणात पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. तेव्हा तळ हाताखाली येतो, सैल खिळा निघतो, मऊ फळीचा तुकडा काढून नवा बसतो. त्या होडीची टक्केवारी कोणी काढत नाही. याचा अर्थ काहीही बदलावे असा नाही. १९८७ ते २००१ या काळात ‘ट्रिंकोमाली’ची दुरुस्ती झाली तेव्हा मूळ लाकडाचा मोठा भाग राखता आला आणि ते शक्य झाले ते साग असल्यामुळेच. जे धरून ठेवायला चांगले आहे ते धरावे. ज्याच्यामुळे बाकीचे जाणार आहे ते काढावे. हा निकष लावला तर खिळ्याला वयाचा मान देता येत नाही.

याबाबतीत स्टॉकहोमच्या ‘वासा’इतका बोलका पुरावा दुसरा नाही. १६२८ साली पहिल्याच प्रवासात बुडालेले हे ओकचे जहाज १९६१ मध्ये बाहेर काढले. बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात पोखरणारा किडा जगत नाही, म्हणून ३३३ वर्षांत लाकूड राहिले. लोखंडी बोल्ट मात्र गंजून नाहीसे झाले. त्यांची रिकामी भोके पाणबुड्यांना पाण्याखालीच बुजवावी लागली, तेव्हा कुठे ते उचलता आले. १९६० च्या दशकात त्या भोकांत ५००० हून अधिक पोलादी बोल्ट बसवले. लेप दिलेला असूनही तेही गंजले. जुन्या आणि नव्या लोखंडाने लाकडातल्या गंधकापासून आम्ल बनण्याला हातभार लावला. २००० सालच्या दमट उन्हाळ्यात लाकडावर पांढरे-पिवळे आम्लाचे डाग फुटले तेव्हा ते सर्वांना दिसले. अखेर २०११ ते २०१८ मध्ये ते सगळे बोल्ट काढून उच्च प्रतीच्या न गंजणाऱ्या पोलादाचे बसवले. म्हणजे एका जहाजात तीन पिढ्यांचे बोल्ट आणि एकाच पिढीचे लाकूड. इथे ओकसुद्धा टिकला, आणि दोन वेळा दगा दिला तो लोखंडाने.

‘वासा’ आणि ‘व्हिक्टरी’ आता जमिनीवर आहेत, ‘ट्रिंकोमाली’ पाण्यात, आणि या फरकाने खिळ्यांचे कामही बदलते. पाणी तळाला सगळीकडून सारखे उचलून धरते. सुक्या गोदीत तेच वजन मोजक्या टेकूंवर येते, फासळ्या टेकूंच्या मध्ये लोंबतात, आणि बाजू धरायला जे बोल्ट घातले होते त्यांना आता ओझे पेलावे लागते. १९२२ पासून पोर्ट्समथच्या गोदीत उभ्या असलेल्या ‘व्हिक्टरी’चा तळ याच कारणाने बसत चालला होता. म्हणून तिथले जुने पोलादी आधार काढून, समुद्राचा दाब जिथे जितका पडला असता तिथे तितकाच भार घेतील असे मागेपुढे करता येणारे टेकू बसवले आहेत.